‘म्हणला’ आणि ‘लागलं’

काम किती दिवसांत होईल, असं कुणी विचारलं की शिकलगारमामा उत्तर देत नसत. उलट विचारत, "करणार कोण?"

हा प्रश्न ते गिऱ्हाइकाला विचारत, मॅनेजरला विचारत, आणि एका दसऱ्याला त्यांनी तो थेट आमच्या अध्यक्षांना विचारला. अध्यक्ष वर्षातून एकदा, यंत्रांना हार घालायला येत. समोर धरणाचा भला थोरला लोखंडी दरवाजा अर्धवट जोडून उभा होता. "हे किती दिवसांत होईल?" असं त्यांनी, मोठी माणसं विचारतात तसं, उत्तराची वाट न पाहता विचारलं आणि ते पुढे चालू लागले. मामा मागून म्हणाले, "करणार कोण, सायब? तुकाराम करणार असंल तर एकोणीस दिवस. तुमी करणार असला तर मला न्हाय बा सांगता यायचं." अध्यक्षांच्या मागचे सगळे थिजले. मग अध्यक्ष हसले, म्हणून सगळे हसले.

दस्तगीर शिकलगार आमच्या कारखान्यात जोडणी विभागाचे फोरमन होते. कोल्हापूरजवळ, शिरोलीच्या बाजूला आमचा कारखाना. धरणांचे आणि बंधाऱ्यांचे लोखंडी दरवाजे आम्ही बनवायचो. मामा पेठ वडगावहून रोज एस.टी.ने येत. शिक्षण सातवीपर्यंत. बुटके, रुंद खांद्यांचे, आणि चालताना लोखंडावर उगाच एक टिचकी मारून आवाज ऐकण्याची सवय. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणे. मॅनेजरसुद्धा म्हणत, फक्त चारचौघांत नाही.

मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे नियोजन विभागात इंजिनिअर म्हणून लागलो. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक पंखा. लागल्या लागल्या मला मुंबईला सात दिवसांच्या शिबिराला पाठवण्यात आलं. मोठं काम लहान लहान कामांत तोडायचं, प्रत्येक कामाला एक बाण द्यायचा, बाण एकमेकांना जोडायचे आणि त्यातली सगळ्यांत लांबची वाट शोधायची. ती वाट जितक्या दिवसांची तितकी कामाची मुदत. एवढी गोष्ट सात दिवस पुरवण्यासाठी तिथे पाच तज्ज्ञ होते. परत आल्यावर मी दहा फुटी तक्ता काढून भिंतीवर लावला. मॅनेजर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत. समजत कुणालाच नसे, त्यामुळे माझ्याविषयी आदर वाढला.

मामा त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. एकेका बाणावरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, "झ्याक काढलाय. जोतिबा कुठं हाय?"

"म्हणजे?"

"चैताची यात्रा. निम्मी पोरं तीन दिवस न्हाईत. मग उरूस. मग सुगी. मग वळवाचा पाऊस पडला की तुकारामाचं घर गळतंय, त्यो दोन दिवस येत न्हाय. दर साली गळतंय, दर साली दोन दिवस. हितं कुठं दिसंना."

तक्त्यात अशा गोष्टी धरत नाहीत, असं मी शिबिरातल्या आवाजात सांगितलं.

"आसं व्हय," मामा म्हणाले. "मग ह्यो तक्ता हितला न्हवं. दुसऱ्या कुठल्या तरी गावचा हाय."

त्यांची स्वतःची पद्धत एका लांबट वहीत होती. प्रत्येक कामगाराचं एक पान आणि पानावर दोन रकाने: ‘म्हणला’ आणि ‘लागलं’. कामाला हात लावण्याआधी ते त्या माणसाला विचारत, तुला किती दिवस लागतील. तो सांगेल तो आकडा काही न बोलता पहिल्या रकान्यात. काम संपलं की खरा आकडा दुसऱ्यात. तुकाराम वेल्डर चार म्हणाला की सात लागत. पंधरा वर्षांत त्यात फरक नव्हता. इब्राहिम टर्नर पाच म्हणाला की पाचच. विचारायची वेळही ठरलेली, जेवणानंतरची. उपाशी माणूस दोन दिवस कमी सांगतो, त्याला लवकर सुटायचं असतं, असं त्यांचं निरीक्षण होतं.

"मग तुकारामला एकदा दाखवा की वही," मी म्हणालो. "इतकी वर्षं तुम्हाला खोटं सांगतोय."

मामांना ते आवडलं नाही. "खोटं कशापायी म्हणतासा? चार म्हणताना त्येला चारच दिसत्यात. माणूस आशेनं बोलतोय, सायब. त्येला तोडायचं न्हाय. आशेचं दिवस आपण गप वरनं घालायचं."

पुढची पाच-सहा वर्षं माझा तक्ता पाहुण्यांसाठी भिंतीवर राहिला आणि खऱ्या तारखा मी मामांशेजारी, एका उपड्या पिंपावर बसून, त्या वहीवरून काढू लागलो. तारखा खऱ्या ठरू लागल्या. त्याबद्दल मॅनेजरला मुंबईत शाल मिळाली, मला बढती मिळाली आणि मामांना स्टीलचा डबा मिळाला. डबा चांगला होता. मामांनी झाकण चारदा लावून काढून पाहिलं आणि म्हणाले, "मामीला आवडंल."

मामी म्हणजे त्यांची बायको. ईदला मी वडगावला त्यांच्या घरी जायचो. बाई काटकुळ्या आणि विलक्षण बोलक्या. नवऱ्याची त्या मनापासून टिंगल करत. "ह्यांनी निकाह लावताना काझीला बी विचारलं असंल बघा, किती वेळ लागंल म्हणून. आणि माझं बी पान हाय म्हणं वहीत?"

"हाय की," मामा म्हणत. "‘दोन मिनटात च्या’ म्हणती. पंधरा लागत्यात."

"मग पंधरा मिनटांनी या की घरला!"

मामींचं बोलणं तुटक असे. दोन शब्द, मग थांबणं, मग तीन शब्द. ती लकब असेल असं मला वाटायचं. पुढे कळलं की लहानपणच्या तापाने त्यांच्या काळजाची एक झडप आकसली होती. परसातल्या दोन पायऱ्या चढल्या की त्यांना दम लागे आणि तो कळू नये म्हणून त्या त्याच वेळी काहीतरी विनोदी बोलत. मूलबाळ नव्हतं. घरात ही दोनच माणसं, आणि ती एकमेकांना पुरत होती.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कारखान्यात कॉम्प्युटर आला. माणसांना कधी मिळाला नव्हता तो एअरकंडिशनर त्याला मिळाला. खोलीबाहेर चपला काढायच्या, असा फलक लागला. अध्यक्षांनी नारळ फोडला; पाणी आत उडू नये म्हणून तो गेटाबाहेर फोडण्यात आला. कॉम्प्युटरसोबत माझ्या शिबिरातली ती बाणांची विद्या एका चौकोनी तबकडीवर तयार होऊन आली होती. कामांची यादी द्यायची, प्रत्येकाचे दिवस द्यायचे; यंत्र लांबची वाट शोधून कडेला भोकं असलेल्या कागदावर शेवटची तारीख छापून देई. पिंपावर बसून आम्हाला जे करायला आठवडा लागे ते एका मिनिटात.

पहिलं काम मुरगूडच्या पुढच्या एका लहान धरणाचं होतं. त्याचा नवा दरवाजा नदीला पाणी यायच्या आत बसवायचा होता. मामा आपणहून वही घेऊन आले. डोक्याला मफलर गुंडाळून त्या गार खोलीत दोन दिवस बसले आणि मला आकडे वाचून दाखवले. सगळे ‘लागलं’च्या रकान्यातले. जोतिबासुद्धा घातला. तुकारामाचं गळकं घरही घातलं. पाच खात्यांची मिळून दोनशेच्या वर कामं झाली.

"माझ्या जोडणीचं मला तोंडपाठ हाय," मामा उठताना म्हणाले. "बाकी चार खात्यांची बेरीज माझ्यानं हुईत न्हाय. यंत्र बरं. त्येला आशा न्हाय. सांगंल ते खरं."

ते वडगावची गाडी पकडायला गेले आणि मी बटण दाबलं. कागदावर तारीख आली: सव्वीस जून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती मॅनेजरना दाखवली. ते म्हणाले, "मंत्री वीस मेला येतायत. दरवाजा त्यांच्या हस्ते उघडायचाय. यंत्राला अठरा मे सांगा."

यंत्राला तारीख सांगायची नसते, ते आपल्याला सांगतं, असं मी समजावलं.

"मग त्याला दिवस कोण सांगतं?"

"मी."

"मग झालं तर."

मी फार काही केलं नाही. नोकरी जाण्याची भीती होती असंही नाही. साहेब समोर उभे होते आणि मला त्या क्षणी नाही म्हणणं अवघड वाटलं, इतकंच. मी ‘लागलं’चे आकडे पुसले आणि त्या जागी ‘म्हणला’चे घातले. तुकारामाचे सात पुन्हा चार केले. जोतिबा काढला. एवढं केल्यावर यंत्राने विनातक्रार अठरा मे छापून दिली. तो कागद काचेच्या चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावला गेला.

मामांनी तो तिथे वाचला आणि जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. हातात पुण्याच्या दवाखान्याचं पत्र होतं. मामींच्या झडपेचं ऑपरेशन आता लांबवू नका, पाऊस लागायच्या आत करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दवाखान्याने दोन तारखा दिल्या होत्या: पाच मे किंवा तेवीस मे. यातली कुठली हवी ते कळवायचं होतं.

"पाचला नेली तर काम मधनंच टाकून जायाला लागतंय," मामा म्हणाले. "माझं ध्यान हितं आणि तिचं ध्यान माझ्याकडं. अठराला संपतंय म्हणजे तेवीसच बरी. महिनाभर निवांत बसीन तिच्याजवळ. काय म्हणतासा? अठरा नक्की न्हवं?"

या माणसाने वीस वर्षं कुणाचाही आकडा जसाच्या तसा धरला नव्हता. ते माझ्यासमोर वाकून उभे होते. दारही बंद होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "कागदावर तरी तसंच आहे."

हे वाक्य मी अनेकदा उलटसुलट करून पाहिलं आहे. त्यात खोटा शब्द एकही नाही. मामांनी ते होकार म्हणून घेतलं, आणि त्यांनी ते तसंच घ्यावं म्हणून मी ते तसं म्हटलं होतं. त्यांनी माझ्याच टेबलावर बसून पुण्याला कार्ड लिहिलं. तेवीस मे.

पुढे जे व्हायचं तेच होत गेलं. यात्रेला पोरं गेली. तुकारामाला सात दिवस लागले. इतर खात्यांचं सामान आठ-आठ दिवस उशिरा धरणावर पोचू लागलं. पाच मे उलटून गेल्यावर मामांच्या लक्षात आलं असावं, पण तोवर एकच तारीख हातात उरली होती.

वीस मेला मंत्री आले. दरवाजा रंगवून, झेंडूच्या माळा घालून उभा होता. त्याला उचलणारं यंत्र अजून जोडलेलं नव्हतं. मंत्र्यांपुढे मखमलीच्या कापडावर एक बटण ठेवलं होतं. त्याची तार मांडवामागून वर जाऊन एका घंटीला लावली होती. मंत्र्यांनी बटण दाबलं, वर घंटी वाजली आणि मामांनी आठ माणसांनिशी साखळ्या ओढून दरवाजा वीतभर उचलला. बँड वाजला. काम दोन दिवस आधी पुरं झाल्याबद्दल मंत्र्यांनी संगणकाचं अभिनंदन केलं. टाळ्या संपेपर्यंत ती नऊ माणसं साखळी धरून उभी होती.

मांडव सुटत असताना मामा खाली आले. "तेवीसला जाता यायचं न्हाय," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही जा. तुकाराम बघेल."

"दरवाजा साखळीवर लोंबतोय. वरनं पाणी आलं तर खालच्या गावात काय हुईल, ठावं हाय न्हवं तुमाला? हे बांधून झाल्याबिगार मला न्हाय हलता यायचं." मग म्हणाले, "मामी म्हणाली, चालतंय. मी कुठं पळून जातीया."

दवाखान्याने नवी तारीख दिली: बारा जून.

सहा जूनला, दुपारी तीनच्या सुमारास, कारखान्याची जीप धरणावर आली. ड्रायव्हर खाली उतरून नुसता उभा राहिला. मामा वर होते. त्यांनी वरून त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता उतरायला लागले. खाली आल्यावर त्यांनी तुकारामाला डाव्या अंगाचे कुठले बोल्ट आवळायचे राहिलेत ते सांगितलं. रॉकेलने हात पुसले. ते साबणाने परत धुतले. मग जीपमध्ये बसले. मी शेजारी बसलो.

वडगावपर्यंत दोन तास लागतात. आभाळ भरून आलेलं, हवा कोंदट. धडधाकट माणसालाही श्वास जड वाटावा असा दिवस. मामा सगळी वाट समोर बघत होते. हायवेला लागल्यावर एकदाच बोलले. "सकाळी दाराशी आलती. म्हणाली, आज दम कमी हाय."

संध्याकाळी दफन झालं. कबरस्तानात मी मागे उभा होतो. माती द्यायला मला कुणी अडवलं नसतं, पण मी पुढे झालो नाही.

चौथ्या दिवशी मामा धरणावर हजर झाले. कुणाशी जास्त बोलले नाहीत, कुणाला कमीही बोलले नाहीत. लोखंडावर टिचकी मारणं मात्र थांबलं. दरवाजा चोवीस जूनला पुरा झाला, म्हणजे यंत्राने पहिल्यांदा सांगितलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधी. त्याबद्दल कुणी नारळ फोडला नाही. जुलैत नदी आली आणि त्या दरवाजाने एक थेंब गळू दिला नाही.

मी मामांना काही सांगितलं नाही. रोज त्यांच्यासमोर जायचो, रोज सांगणार असायचो. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या सभेत मॅनेजर पंचवीस मिनिटं बोलले आणि त्यात मामांचं नाव एकदा चुकले. मी बोलायला उठलोच नाही. सगळ्यांना वाटलं, गहिवरलो.

शेवटी मी गेलो ते त्यांच्या अखेरच्या वर्षी. चारच महिन्यांनी मामा गेले. झोपेतच, वहीत मांडायला जागाही न ठेवता. मी गेलो त्या दिवशी मात्र ठीक होते. एकटेच राहत. स्टोव्ह पेटवून त्यांनी स्वतः चहा केला, कपबश्या मामींच्या वेळच्याच. इचलकरंजीच्या मागाचा एक टॉवेल गुडघ्यावर टाकून माझ्यासमोर बसले आणि कारखान्यातल्या एकेकाची चौकशी करू लागले. तुकाराम कसा आहे? घर शाकारलं का त्याने?

मी मध्येच म्हणालो, "मामा, यंत्राने अठरा मे सांगितली नव्हती. आधीचा कागद सव्वीस जूनचा होता. साहेबांनी सांगितलं म्हणून मी आकडे बदलले. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मला ते माहीत होतं. मी बोललो असतो तर तुम्ही मामींना पाच मेला नेलं असतं."

एवढं सलग बोलून मी थांबलो. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामांनी टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

"ठावं हाय की मला," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"त्यो सव्वीसचा कागद. तुमच्या टेबलाखाली टोपलीत पडला हुता. बघितला हुता मी. तवाच बघितला हुता." माझ्याकडे न बघता ते सावकाश, शब्द जुळवत बोलत होते. "मलाच काम सोडवत नव्हतं. मलाच अठरा पायजे हुती, म्हणून गप बसलो. तुमचं काय न्हाय त्यात. उगं जिवाला लावून घेऊ नगासा."

तो कागद टोपलीत गेलाच नव्हता. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून मी तो मॅनेजरच्या खोलीतून बाहेर येताच घडी करून खिशात घातला होता, आणि घरी नेऊन न्हाणीघरातल्या बंबात जाळला होता. मामांनी तो पाहिला असणं शक्य नव्हतं. सव्वीस जून हा आकडा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो आत्ता, माझ्या तोंडून. आणि तो ऐकून, पाच मे ते सहा जून हे सगळे दिवस मनात मोजून झाल्यावर, त्यांनी माझ्यासाठी ही टोपली आणून ठेवली होती.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. खालचा ओठ दाताखाली घट्ट धरलेला होता.

"हो," मी म्हणालो. "टोपलीतच टाकला होता."

"मग," मामा म्हणाले. "च्या घ्या. निवतोय."